शाळेत नाव घालताना: जिल्हा परिषदेच्या शाळेतला पहिलीचा प्रवेश

माझ्या आईची जन्मतारीख १ जून आहे. मावशीचीही १ जून, शेजारच्या काकांचीही १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि महाराष्ट्रात कोणाला त्याचं नवल वाटत नाही. जूनच्या तोंडावर गुरुजी वाडीवस्तीवर फिरायचे, पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला, की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरात तारीख पडायची १ जून.

त्या गुरुजींना मी नावं ठेवणार नाही. ते जन्माचा दाखला मागत बसले असते, तर माझी आई शाळेची पायरी चढलीच नसती. पण मावशी कागदावर खऱ्या वयापेक्षा दीड वर्षानं मोठी झाली आणि तेवढी आधी निवृत्त झाली. गेली सोळा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. प्रवेशाच्या दिवसांत आई आणि मावशी दोघी डोळ्यांसमोर असतात. कागदासाठी मुलाला अडवायचं नाही आणि कागदावर चुकीचं काही लिहायचं नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, हे पालकांनाही कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी वयाचं बघू. ज्या वर्षी जूनमध्ये पहिलीत घालायचं, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. नोव्हेंबर २०२० चा जन्म असेल तर जून २०२६ ला पहिली. जानेवारी २०२१ चा असेल तर त्याच्या पुढच्या वर्षी. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "बाई, दोन महिन्यांचाच तर फरक आहे, घ्या ना." मी घेत नाही, आणि त्यात मुलाचाच फायदा आहे. साडेपाच आणि साडेसहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत, बसण्यात, ऐकण्यात फार अंतर असतं. वर्षभर अंगणवाडीत आणखी खेळलेलं मूल पहिलीत मागे पडलेलं मी पाहिलेलं नाही. घाईनं आणलेली मुलं मात्र दिवाळीपर्यंत रडताना पाहिली आहेत.

आता हक्काबद्दल. 'आरटीई', म्हणजे शिक्षण हक्क कायदा, म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा आणि त्यांची ऑनलाइन सोडत येते. ते त्या कायद्यातलं एक कलम झालं. मूळ कायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. या मागणीचं मूळ मराठी मातीत आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं होतं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते आणलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया ही काही लहान रक्कम नव्हती.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सोडत नसते, गुणवत्ता यादी नसते, मुलाची किंवा पालकांची मुलाखत नसते. अशी चाळणी लावायला कायद्यानं मनाई आहे, देणगी घ्यायलाही मनाई आहे. फी नाहीच. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, असं आपल्या राज्याचा नियम सांगतो. आणि जून उलटला म्हणून दार बंद होत नाही. बदली झाली, घर बदललं, कामासाठी गाव सोडलं, तर सप्टेंबरात या, जानेवारीत या, मुलाला वर्गात बसवावंच लागतं.

कागद कोणते आणायचे? जन्माचा दाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड, दोन फोटो. वडिलांचा किंवा घरातल्या कोणाचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तोही, कारण आडनाव आणि जात त्यावरून नीट लिहिता येते. मूल दुसऱ्या शाळेतून येत असेल तर तिथला दाखला.

यातलं काही नसेल तर? जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, तेही नसेल तर पालकांनी स्वतः दिलेलं वयाचं प्रतिज्ञापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या १४व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी मुलाला घरी बसवता येत नाही. तो दाखला पुढे शाळा-शाळांमध्ये पत्रव्यवहार करून मागवता येतो.

आधारबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. मग बाई रोज आधार का मागतात? मुलाची नोंद सरल आणि यू-डायस या सरकारी संगणक प्रणालींत करावी लागते आणि शाळेला किती शिक्षक मिळणार ही संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर, आधार जुळलेल्या मुलांची संख्या धरून होते. आधार जुळलं नाही, तर मूल वर्गात समोर बसलेलं असूनही त्या हिशेबात धरलं जात नाही. दोन-तीन मुलं अशी निसटली, की एका शिक्षकाची जागा जाऊ शकते. त्यामुळे आधार नसेल तर प्रवेश आधी घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण नंतर मुलाचं आधार काढून घ्या आणि त्यावरचं नाव जन्माच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. तुमच्याच मुलाच्या वर्गावरच्या शिक्षकाचा तो प्रश्न आहे.

आता येते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याकडे पालकांचं लक्षच नसतं. ती म्हणजे जनरल रजिस्टर.

आमच्या कपाटात हे रजिस्टर कापडी बांधणीत आहे, आडवं, टेबलावर उघडलं तर दोन्ही बाजूंनी लोंबतं. एका मुलाला एक ओळ. रजिस्टर क्रमांक, मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात आणि पोटजात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकात, तीच तारीख अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता. शेवटचे रकाने कोरे राहतात. मूल शाळा सोडून जाईल तेव्हा ते भरायचे. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल. पुढच्या शाळेचं रजिस्टर त्या दाखल्यावरून भरलं जातं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव त्यावरून येतं. पासपोर्ट, नोकरी, जात पडताळणी, सगळ्यांच्या मुळाशी ही एक ओळ असते.

जुन्या रजिस्टरांसाठी आमच्याकडे लोक तालुक्यातालुक्यांतून येतात. आजोबांचं नाव शोधायला. जात पडताळणी समितीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा. तो पुष्कळदा शाळेच्या रजिस्टरातच सापडतो, काही ठिकाणी मोडी लिपीत. बोट ठेवून एकेक ओळ खाली सरकत जायचं आणि मग कोणीतरी म्हणतं, "हे बघा, हेच आमचे आजोबा." तो कागद धरलेला हात थरथरताना मी पाहिला आहे. आज तुमच्या मुलाची जी ओळ लिहिली जाणार आहे, तीही कोणीतरी पुढे अशीच शोधत येईल.

म्हणून प्रवेशाला शक्यतो आई किंवा वडिलांनी स्वतः यावं. एकदा एक आजी नातीला घेऊन आल्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, परी. आडनाव सांगितलं, जन्म "नवरात्रातला" सांगितला. मी थांबले, पोरीला वर्गात बसवलं, खडू दिला, पण रजिस्टर उघडलं नाही. दोन दिवसांनी आई दाखला घेऊन आली, तेव्हा कळलं की मुलीचं नाव वैष्णवी. त्या दिवशी मी परी लिहिलं असतं, तर त्या मुलीला पंधरा वर्षं अर्ज करत फिरावं लागलं असतं.

लिहून झालं की रजिस्टरातली ओळ वाचून दाखवायला सांगा, आणि वाचता येत असेल तर स्वतः वाचा. कोणतेही बाई-गुरुजी त्याला नाही म्हणणार नाहीत. वेलांटी पहिली की दुसरी, आडनावात 'कर' आहे की नाही, तारीख अंकात आणि अक्षरात एकच आहे का, हे बघा. इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसंच संगणकात गेलंय का, तेही विचारा. विश्वजीतच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे 'व्ही' आणि दुसरीकडे 'डब्ल्यू' असेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन मुलं. जात लिहिताना घरात तोंडी म्हणतात ती नको, कागदावर आहे ती सांगा. चूक सापडली तर मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत पुरावा जोडून, वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी घेऊन ती दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसतं.

(१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं ठरलं आहे. ही मुलं २०३० पासून पहिलीत येतील. त्या रजिस्टराची मी आत्तापासून वाट पाहते आहे.)

शिकवतात काय?

पहिली-दुसरीत मराठी, गणित आणि इंग्रजी, आणि त्याबरोबर चित्र, गाणी, खेळ, हातानं करायची कामं. इंग्रजी पहिलीपासून आहे, २००० सालापासून. हे अजून कित्येक पालकांना माहीत नसतं. पहिलीपासून हिंदी आणण्याचे आदेश २०२५ मध्ये निघाले होते, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला आणि जूनच्या अखेरीस सरकारनं ते मागे घेतले. तिसरीपासून परिसर अभ्यास येतो. चौथीत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास, आणि ते पुस्तक मुलं शिकवायच्या आधीच वाचून संपवतात. पुस्तकं बालभारतीची, पुण्याहून येतात, मोफत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवा अभ्यासक्रम इयत्तेमागून इयत्ता लागू होतो आहे, पहिलीचा २०२५-२६ पासून. त्यामुळे मोठ्या भावंडाची जुनी पुस्तकं जपून ठेवली असतील, तर ती धाकट्याला लागतीलच असं नाही.

काही शाळांत सेमी इंग्रजी असतं, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. त्याबद्दल माझं मत सरळ आहे. मूल घरी ज्या भाषेत भांडतं, त्या भाषेत त्याला आधी वजाबाकी कळू द्या.

तुमचं मूल नीट शिकतंय का, हे कसं ओळखायचं? ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात याची मापं ठरवून दिली आहेत आणि ती पालकांनाही सहज वापरता येतात. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत. दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ कळून, आणि ९९९९ पर्यंत संख्या. मात्र हे तपासताना शाळेचं पुस्तक घेऊ नका. मुलांना ते पाठ असतं, बोट दुसऱ्याच ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर चालू असतं. एसटीची पाटी वाचायला सांगा, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला सांगा, लग्नपत्रिका द्या. तिसरीतल्या मुलाला लग्नपत्रिकेतली नावं वाचता येत नसतील, तर सहामाहीची वाट न बघता शाळेत या.

गुणांचं म्हणाल, तर वर्षभर आकारिक (रोजच्या कामावरून) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेवरून) असं मूल्यमापन चालतं आणि श्रेणी दिली जाते. चौथीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात उत्तीर्ण न झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधी मिळते. शाळेतून काढून मात्र कोणालाच टाकता येत नाही. आणि कधीच शाळेत न गेलेलं नऊ वर्षांचं मूल आलं, तर त्याला पहिलीत बसवत नाहीत, त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात आणि राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढतात.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. लहान गावातल्या शाळेत बहुधा दोन शिक्षक असतात. ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. इयत्ता चार आणि माणसं दोन. "तुम्ही पहिलीला शिकवता तेव्हा दुसरी काय करते?" हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. चांगल्या वर्गात दुसरी गटात बसून कार्ड लावत असते, काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधत असते, एखादी हुशार पोर पहिलीतल्या पोराला वाचून दाखवत असते. वाईट वर्गात ती फळ्यावरचं उतरवत बसते. तुम्ही एखाद्या दिवशी सकाळी अकराला येऊन खिडकीतून पाहिलंत, तर हा फरक पाच मिनिटांत कळेल. या. आम्हाला राग येत नाही.

दुपारी जेवण. जात, उत्पन्न काही न विचारता प्रत्येक मुलाला. पहिली ते पाचवीसाठी रोज १०० ग्रॅम धान्य, आणि त्या ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. खिचडी, मटकीची उसळ, वरणभात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची आणि चव रजिस्टरात तशी नोंद करून सही करायची. पालकांनाही चव बघता येते. आमच्या शाळेत काही आया मुद्दाम येतात आणि मीठ जास्त झालंय म्हणून सांगून जातात. गणवेश मिळतो, आणि वर्षातून एकदा आरोग्य पथक येऊन डोळे, दात, कान, वजन तपासतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि घरी ती अभ्यासात मठ्ठ ठरली होती. चष्मा लागला आणि ती दोन महिन्यांत वाचायला लागली.

मुलाला ऐकायला, बोलायला, चालायला अडचण असेल किंवा ते हळू शिकत असेल, तर प्रवेशाच्या वेळीच सांगा, लपवू नका. त्याला याच शाळेत शिकायचा हक्क आहे आणि तालुक्याला विशेष शिक्षक असतात, त्यांना आम्ही बोलावतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. ते दाखवलं की जिथे पोचाल तिथल्या शाळेत मूल लगेच बसतं आणि परत आल्यावर आपल्या वर्गात येतं. मूल आजी-आजोबांकडे ठेवणार असाल, तर हंगामी वसतिगृहाचं विचारा.

आमच्यासारख्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. म्हणून नाव घालतानाच विचारून ठेवा, की पाचवीला मुलं कुठे जातात, ती शाळा किती लांब आहे, मुलींना जायला काय सोय आहे. नवोदयची, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, जिल्ह्याला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी.

तक्रार असेल तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. पण त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदोपत्री अध्यक्ष पालकच असतो. त्या बैठकीत नुसती सही करून उठू नका. संडासात पाणी आहे का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ कामं हलतात.

शाळा उघडण्याआधी आमच्याकडे 'पहिले पाऊल'चा पूर्वतयारी मेळावा होतो. २०२२ पासून राज्यभर होतो. सात टेबलं मांडतो: एकावर नोंदणी, पुढे उड्या-धावणं, मग वर्गीकरण, ओळख सांगणं, चित्र बघून बोलणं, वस्तू मोजणं आणि शेवटी पालकांशी बोलणं. ती परीक्षा नसते. मूल मोजताना चुकलं तर आईनं मागून चिमटा काढू नये. घरी करायच्या खेळांची कार्डं मिळतात ती घेऊन जा; भाकरी थापताना किती झाल्या ते मोजायला लावणं, हाही त्यातलाच अभ्यास.

सातव्या टेबलावर मी बसते. माझ्याकडे तेव्हा सरकारी फॉर्म नसतो, शंभर पानी वही असते. आमच्या गावात तांड्यावरची मुलं येतात, त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात आणि आईला याडी म्हणतात. मुलाच्या भाषेतून शिकवावं असं कायदाही म्हणतो, पण त्याचं पुस्तक माझ्याजवळ नाही. म्हणून मी प्रत्येक आईला विचारून लिहून घेते: मूल घरी कोणत्या नावानं हाक मारल्यावर लगेच बघतं, कशाला घाबरतं, पाणी कसं मागतं, आणि शू लागली हे कोणत्या शब्दात सांगतं. हा शेवटचा शब्द पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त लागतो. तो मला सांगून जा.